माझ्याआधी गेलेलं परस्थान

आगगाडी आली तेव्हा आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना वेड लागलं होतं, आणि त्या वेड्यांचा म्होरक्या माझा सासरा होता. सकाळी न्याहारी झाली की डोक्याला पागोटं, हातात काठी आणि स्वारी निघाली नदी ओलांडून स्टेशनवर. कुठं जायचं नाही, कोणी यायचं नाही. नुसती गाडी पाहायची. गाडी गेली की हमालाला तंबाखू द्यायची, त्याच्याशी गप्पा छाटायच्या आणि घरी येऊन आम्हाला सांगायचं, "आज लय बोंबलली गा." जसं काही ती ह्यांची दावणीची म्हैस!

गाव नदीच्या अल्याड आणि स्टेशन पल्याड. मावळतीला अकोला, उगवतीला मूर्तिजापूर आणि त्याच्या पुढं बडनेरा. बडनेऱ्याला उतरून अमरावतीला बंडीनं जायचं, कारण रूळ अमरावतीत गेलेच नव्हते. गाडी नव्हती तेव्हा आमच्या गावाहून माझ्या माहेरी, भातकुलीला जायचं म्हणजे वाटेत मुक्काम करावा लागे. पावसाळ्यात तर नदीच आडवी. डोंगेवाल्याची मर्जी असेल तर पलीकडं, नाहीतर काठावर बसा बोंबलत. म्हणून मीही मनातून आगगाडीवर खूश होते, खोटं कशाला सांगू. माहेर जवळ आलं असं वाटायचं.

तो काळ कापसाचा होता. परमुलखात कुठं लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली असं म्हणत होते, पण लोकांच्या डोक्यातली हवा काही संपली नव्हती. ज्याच्या बैलांच्या गळ्यात कालपर्यंत सुतळी होती त्याच्या बैलांना चांदीची घुंगरं आली. बंड्यांची रांग नदीच्या पात्रातून स्टेशनपर्यंत लागायची, आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून अडकून त्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. बायाबापड्या तेवढाही वेचून न्यायच्या. माझे घरधनी बंड्या घेऊन खामगावच्या बाजारात गेले की आठ आठ दिवस तोंड दिसत नसे. त्या वेळीही ते तिकडंच होते. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेल्या. घरात मी आणि मामाजी. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात.

थंडीचे दिवस होते. शुक्रवारी दुपारची अकोल्याकडं जाणारी गाडी गेली आणि थोड्या वेळानं माझा थोरला भाऊ दारात उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. नदीतून तसाच चालत आला होता. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यानं घेतला नाही.

"दादा, काय झालं?"

"माय बरी नाही वं बाई. छाती भरून आली हाय तिची. वैद्य म्हणते, काही खरं नाही. पण ती डोळे उघडे ठेवून पडली हाय. म्हणते, एक डाव पोरीले पाहू द्या, मंग मले कोणी थांबवू नोका."

मी तिथंच बसले. आमची माय म्हणजे बोलली ते करणारी बाई. बाप लवकर गेला, तिनं एकटीनं वावर सांभाळलं, आम्हा दोघांना वाढवलं. ती माझ्यासाठी जीव धरून आहे म्हणाली तर ती खरंच धरून असणार, आणि मी नाही गेले तर तिचं ते धरणं फुकट जाणार. मला तेवढं एकच सुचत होतं. कधी निघायचं?

बडनेऱ्याकडं जाणारी गाडी सकाळीच निघून गेलेली. दुसरी थेट उद्या. आणि उद्या शनिवार.

"शनिवारी उगवतीले जाता येत नाही," मामाजी म्हणाले. "दिशाशूल हाय. मरणाऱ्या माणसाच्या भेटीले जायचं आन् दिशाशूल घेऊन जायचं? नाही बाप्पा."

"मंग कधी जायचं?" दादा म्हणाला. "रविवारी अवस. सोमवारी पुन्हा उगवतीचा दिशाशूल. मंगळवारी तुमी सून धाडाल का?"

मला असा संताप आला होता! माझी माय तिकडं श्वास मोजते आहे आणि हे दोघं वार मोजतायत. पण सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून मी भांडी आपटली. मामाजींनी ते ऐकलं. माणूस वाईट नव्हता हो. हेकट होता, पण वाईट नव्हता. थोडा वेळ काठीनं जमीन टोकरत बसले आणि एकदम म्हणाले, "परस्थान ठेवू!"

परस्थान आता कोणी ठेवत नाही, म्हणून सांगते. जायचा दिवस वाईट असला तर चांगल्या दिवशी आपल्याऐवजी आपलं गाठोडं घराबाहेर काढायचं. अंगावरचं, वापरातलं एक वस्त्र, सोबत हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ, आणि सवाष्ण बाई असली तर कुंकवाची पुडी. जायचं त्या दिशेला, शिवेपलीकडं कोणाकडं तरी ते ठेवून यायचं. म्हणजे आपण चांगल्या दिवशी निघालो असं झालं. मग दुसऱ्या दिवशी, वार कुठलाही असो, तिथून गाठोडं उचलायचं आणि पुढं चालायला लागायचं. आमच्या गावचे लोक परस्थान नदीपलीकडच्या मारुतीच्या देवळात ठेवायचे. पुजारी सांभाळायचा.

शुक्रवार उगवतीला चालत होता. मी आत जाऊन अंगावरचं लुगडं बदललं आणि ते घडी करून दिलं. हिरवं, तांबड्या काठाचं. मागच्या संक्रांतीला मायनंच घेतलेलं. हळकुंड, सुपारी, तांदूळ आत ठेवले, कुंकवाची पुडी वरच्या घडीत सरकवली आणि जुन्या पंच्यात बांधून मामाजींच्या हातात दिलं. ते घेऊन ते तरातरा निघाले. दिवेलागणीला परत आले ते एकदम खुशीत.

"देवळात नाही ठेवलं. ठेसनावरच ठेवून आलो. हमालापाशी. सकाळी तठूनच गाडीत बसायचं हाय, मंग देवळाचा हेलपाटा कायले?" आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "आता तू निघालीच समज पोरी. आजची रात आमच्या घरी पाव्हणी."

आम्हीही म्हटलं, बरं झालं. त्यात वावगं काही वाटलंच नाही. मी दशम्या केल्या. दादानं एक खाल्ली, तीही माझ्या समाधानासाठी.

सकाळी आम्ही तिघं नदी उतरून स्टेशनवर गेलो. पाणी बर्फासारखं गार. हमाल आम्हाला लांबून पाहूनच हसायला लागला. परदेशी, म्हणजे उत्तरेकडचा माणूस होता, भला होता. मामाजी म्हणाले, "दे बाप्पा आमचं गाठोडं."

"वो तो कल शाम को ही भेज दिया, पटेलजी!" तो म्हणाला. अशी छाती फुगवून म्हणाला की जणू आमच्यावर उपकारच केले. त्याच्या डोळ्यानं पाहिलं तर केलेच होते. आदल्या संध्याकाळी कापूस भरायला रिकामी मालगाडी बडनेऱ्याकडं जात होती. मामाजींनी गाठोडं देताना त्यानं विचारलं होतं, कुठं जायचंय. मामाजींनी सांगितलं, भातकुलीला, सुनेच्या माहेरी, अमक्या पाटलाच्या घरी. त्याला वाटलं, गाठोडं पाठवायचं आहे. रोजच्या तंबाखूची जाण ठेवून त्यानं पैसा न घेता ते गार्डाच्या डब्यात टाकलं आणि सांगितलं, बडनेऱ्यात भातकुलीच्या कोणाही बंडीवाल्याकडं दे. स्टेशनवर वस्तू ठेवली की ती गाडीत जाते, एवढंच त्याला माहीत. आणि कोणी ठेवून घेतलेली वस्तू तिथंच राहते, एवढंच आम्हाला.

मामाजी चरफडले, की परस्थान माणसाच्या पुढं गेलं, आता ह्याला शास्त्र काय? पण मी दादाकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं फक्त "मावशी" एवढाच शब्द तोंडातल्या तोंडात म्हटला आणि माझ्याही ध्यानात आलं.

आमच्याकडं त्या काळी एक रीत होती. लेक दूर सासरी मेली, सवाष्ण मेली, आणि माहेरच्यांना वेळेवर कळवता आलं नाही, तर सासरचे लोक तिच्या अंगावरचं लुगडं हळदकुंकू घालून माहेरी धाडत. आणणाऱ्यानं एक शब्द बोलायचा नाही. गाठोडं ओट्यावर ठेवायचं, त्या घरचं पाणी घ्यायचं नाही, मागं वळायचं आणि जायचं. लुगडं पाहिलं की घरच्यांनी समजून घ्यायचं. माझ्या लहानपणी मावशीचं लुगडं असंच आलं होतं. मायनं ते उलगडलं आणि तिथंच ओट्यावर डोकं आपटायला लागली. मला ते दिसतं अजून.

आणि त्या वर्षी पटकी होती. गाडीबरोबर गावोगाव फिरत होती. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी नाही, असं चाललं होतं. मला न्यायला गेलेला दादा परत आला नाही, आणि त्याच्याऐवजी माझं लुगडं आलं, तर घरात कोणाला काय वाटणार? दादा मागं माझं सगळं उरकायला थांबला, असंच वाटणार.

"दादा, ते घरी पोचाच्या आधी आपण पोचलो पायजे," मी म्हटलं.

"मले समजते बाई, मले समजते," तो म्हणाला, आणि धावत स्टेशनमास्तराकडं गेला.

मास्तर बिचारा चांगला निघाला. त्याला आमची रीत काही उमगली नाही, पण दादा पाया पडतोय म्हटल्यावर त्यानं बडनेऱ्याला तार केली. आम्ही खोलीबाहेर उभे. आतून टिक टिक आवाज यायचा आणि थांबायचा. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, गाठोडं रात्रीच पोचलं, भातकुलीच्या बंडीवाल्यानं घेतलं, आणि त्या बंड्या पहाटेच सुटल्या.

कशाला केली ती तार, असं झालं मला. न कळतं तर निदान आस तरी राहिली असती. आता बंडी कुठं असेल, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रिकामी बंडी जोरात जाते. आता गावाबाहेर पडली असेल. आता बैलांना पाणी पाजत असेल. आणि आमची गाडी? गाडीचा पत्ता नाही! उन्हं वर चढली तरी पत्ता नाही. मामाजी मधूनमधून रुळाकडं जाऊन वाकून पाहायचे. परत यायचे. परत जायचे. मग माझ्यासमोर येऊन बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी, मी काय करून बसलो वं," ते म्हणाले.

त्यांना दोष द्यावा तर त्यांनीच तर मला लवकर निघता यावं म्हणून धडपड केली होती. मी पदर पुढं ओढून बसून राहिले.

गाडी आली, मामाजी स्टेशनवरच राहिले, मी आणि दादा बसलो, आणि मूर्तिजापुरात ती मेली पुन्हा थांबली. रूळ एकच. समोरून कापसाच्या गाठी भरलेली गाडी यायची, ती गेल्याशिवाय आमची हलणार नाही. कापूस आधी, माणसं नंतर. डब्यातले लोक खाली उतरले, हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले, सोलून खात बसले. एक जाडजूड गृहस्थ शेजारच्याला सांगत होता की पुढल्या साली मी माडी बांधतो. मला त्याच्या तोंडावर ओरडावंसं वाटत होतं. दादा खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसलेला. मध्येच म्हणाला, "वहिनी तुई हुशार हाय. ती दाखवणार नाही मायले. लपवून ठेवीन." मी म्हटलं, हो. थोड्या वेळानं तोच पुन्हा म्हणाला, "पण रडू आलं त काय करीन ते?" मी पुन्हा म्हटलं, हो. कशाला काय म्हणत होते माझं मला कळत नव्हतं.

बडनेऱ्यात उतरलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. स्टेशनाबाहेर बंड्यांचा नुसता समुद्र. पण एकही रिकामी नाही. ज्या रिकाम्या होत्या त्या दलालांनी अमरावतीहून कापूस आणायला धरून ठेवलेल्या. दादा एकेकाजवळ गेला. दुप्पट भाडं देतो म्हणाला. एका बंडीवाल्यानं त्याला खालीवर पाहिलं आणि म्हटलं, "कापूस सोडून माणसं कोण नेते गा आता?" खरंच होतं त्याचं. त्या दिवसांत माणसाला कोणी हुंगत नव्हतं.

मग चाललो. चालायला काही मी नाजूक नव्हते, वावरात वाढलेली पोर. पण समोरून सगळा रस्ता कापसाच्या बंड्यांनी भरलेला, आणि आम्ही दोघंच उलटे. धुळीनं तोंड भरलं. बंडी आली की बाजूला काट्यात उभं राहायचं, ती गेली की पुन्हा रस्त्यावर. दादा पुढं, मी मागं. मी मनात मायशी बोलत होते. माय, उलगडू नको. माय, ते परस्थान हाय, मी निघाली हाय, मी रस्त्यात हाय. असं वेड्यासारखं.

निम्म्याहून जास्त वाट सरली असेल. समोरून एक भरलेली बंडी आली आणि ती आमच्याजवळ येऊन थांबली. बंडीवाला भातकुलीचाच, आमच्या मागल्या गल्लीतला म्हातारा. त्यानं माझ्याकडं पाहिलं. बैल हाकायची तुतारी हातातून सुटून खाली पडली.

"अवं माय! तू?"

"काका, गाठोडं?" दादानं विचारलं.

म्हातारा बंडीवरून खाली उतरला आणि त्यानं दादाचे हात धरले. "मले बडनेऱ्यात देलं. म्हणे पाटलाच्या घरी द्या, लेकीच्या सासरहून हाय. मी हातात घेतलं त कुंकू फुटून बाहेर आलं होतं. दवानं ओलं झालं होतं. लुगड्याचा काठ दिसत होता. मी काय समजू बापा? मी ओट्यावर ठेवलं. तुयी बायको म्हणे, काका काय हाय? मी काही बोललो नाही. रीतच हाय ते. मी मान खाली घातली आन् आलो."

"मायनं पाह्यलं?"

"मले नाही माहीत. मी पाठ फिरवली होती. रडणं ऐकू आलं मांगून."

दादा मटकन खाली बसला. मीच त्याला उठवलं. कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हटलं, "ऊठ. मी जिती हाय ना? मंग चाल. तिले दाखवू का नाही?" आणि मी पळायलाच लागले. जोडवी टोचत होती, ती काढून कनवटीला लावली.

गावाजवळच्या पेढी नदीच्या पात्रात उतरलो तेव्हा दिवस बुडाला होता. शेजारची एक बाई घागर भरत होती. तिनं वर पाहिलं, आणि जी किंचाळली म्हणता! घागर तिथंच टाकून, लुगडं गुडघ्याच्या वर धरून गावाकडं सुटली. "भूत! पाटलाची पोरगी, भूत!" लहान असतो तर आम्ही दोघं हसून हसून लोळलो असतो. दादा म्हणाला, "आंघोळी झाल्या वाटते तुह्या नावानं."

झाल्याच होत्या. ओट्यावर ओली लुगडी वाळत होती. चूल पेटलेली नव्हती आणि घरात दिवा नव्हता. त्या दिवशी आमच्या घरात मी मेले होते, म्हणून काहीच पेटवलं नव्हतं. वहिनी दारात बसलेली. मला पाहून तिनं आधी भिंतीला पाठ लावली, मग माझ्या गळ्यात पडली आणि मला इतक्या जोरात दाबलं की मला श्वास घेता येईना.

"मायनं पाह्यलं?" मी विचारलं.

"मी लपवलं होतं वं," ती रडत म्हणाली. "धान्याच्या कणगीमांगं. पण त्यांना ऐकू गेलं मी रडली ते. म्हणे, आण इकडं. मी नाही म्हटलं. म्हणे, आण, नाहीतर मी उठते. मंग काय करू? लुगडं हातात घेतलं, काठावरून हात फिरवला. एक आसू नाही. म्हणे, बरं. आन् भिंतीकडं तोंड केलं. तवापासून पाण्याचा घोट नाही घेतला. मी चमचानं घालते त बाजूनं वाहून जाते."

मी आत गेले. आत काळोख. खाटेवर ती एवढीशी झालेली. श्वासाचा घरघर आवाज येत होता, म्हणजे जिवंत होती. मी खाटेशी बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"माय. मी आली."

तिनं मान वळवली. किती वेळ माझ्याकडं पाहत राहिली. मग हसली. माझ्या मायला मी असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं, इतकं मोकळं. आयुष्यभराचं ओझं कोणीतरी डोक्यावरून उतरवून घेतल्यासारखं.

"भेटलीस वं बाई," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले धुंडावं लागीन."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"माय, नाही वं! मी मेली नाही. ते परस्थान होतं. मी जिती हाय. हे पाह्य, हात लाव." मी तिचा हात माझ्या हातात घेतला. त्या थंडीत, नदीतून येऊन, माझे हात गारठून लाकूड झालेले. तिनं ते चाचपले आणि मान हलवली, जणू तिची खात्रीच पटली. "थंडे हायत," ती म्हणाली. "माहे बी झाले. काही दुखत नाही आता."

दादाच्यानं राहवेना. तो पुढं आला आणि मोठ्यानं म्हणाला, "माय, अवं खरंच आणली तिले. मी आणली, पाह्य!"

मायनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिचा सगळा चेहरा पिळवटला. "तू बी?" ती म्हणाली. "तू काहून आला रे बापा? तुही लेकरं लहान हायत. तुले कोणी आणलं?" आणि ती रडायला लागली. माझ्यासाठी दिवसभर न आलेलं रडू तिला दादासाठी आलं. छाती अशी उडायला लागली की वाटलं आत्ताच संपतं. वहिनीनं दादाला ओढून बाहेर नेलं. बाहेर गेला तशी ती निवली. "गेला परत?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "हो माय, परत गेला. त्याले धाडून देलं." "बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतर दादा आत आला नाही. पहाटे तिचा प्राण गेला तोपर्यंत तो दाराच्या बाहेर बसून होता, भिंतीपलीकडं. तिला दिसू नये म्हणून खोकलाही दाबत होता. पोटच्या पोराला मायचा शेवटचा चेहरा पाहता आला नाही, कारण त्याला पाहिलं की तिला दुःख होत होतं. वहिनीनं दिवा आणला, मी म्हटलं, नको, राहू दे. मग मीही भांडणं सोडलं. कोणाला पटवू, आणि कशासाठी? तिला जे हवं होतं ते तिच्यासमोर बसलेलं होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. चमच्यानं पाणी घातलं, ते तिनं घेतलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"रस्त्यात लय तरास झाला का वं तुले?"

"नाही माय. आगगाडीनं आली."

तिला त्याचं नवल वाटलं. मग मला म्हणाली, "इथपावतर येते आगगाडी?"

"येते माय," मी म्हटलं.